पायताणाचा भाव

सकाळचे साडेदहा. अंबाबाईचं दर्शन आटोपून आलेलं एक कुटुंब कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या एका दुकानात टेकलं होतं. गृहस्थांनी एक जोड पायात चढवला होता, दुसरा उलटा धरून तळ नखाने खरवडत होते, आणि तोंडाने दुकानदाराला बातमी सांगत होते. "त्या इटलीवाल्यांनी आपली चप्पल ढापली, बघितलंत का? लाखाला विकणार होते म्हणे. आपल्या माणसाला आपल्या वस्तूची किंमतच नाही!" दुकानदाराने मान डोलावली. गृहस्थ चार पावलं चालून आले, आरशात पाय बघितले आणि पाकीट काढता काढता म्हणाले, "ते सगळं खरं. पण बाराशे फार होतायत. साडेआठशे लावा."

शेवटी हजाराला सौदा पटला. मंडळी गेल्यावर दुकानदार माझ्याकडे बघून हसला. "रोजचंच हाय ताई. ती बातमी आल्यापास्नं बोलणं वाढलंय. भाव हाय तेवढाच हाय."

मी हसले खरी, पण मनातून ओशाळले. मीही आयुष्यभर अशीच घासाघीस करत आले आहे. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मुकाट्याने कार्ड काढणारा माझा हात रस्त्याकडेच्या कारागिरापुढे मात्र आखडतो, आणि वर 'आपल्या लोकांना प्रोत्साहन दिलं' असं समाधान घेऊन मी घरी येते. कोल्हापूरला आले होते ते या समाधानाचा हिशेब तपासायला.

एक बातमी आणि तिचे पडसाद

बातमी थोडक्यात आठवून घेऊ. जून २०२५ मध्ये मिलानला 'प्राडा' या इटालियन फॅशन कंपनीने पुढच्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे सादर केले. मंचावरच्या काही तरुणांच्या पायांत जे होतं, ते कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. कंपनीच्या लेखी त्या नुसत्या 'चामडी सँडल' होत्या. गाव नाही, कारागीर नाही. इकडे गदारोळ उडाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीतर्फे लोरेंझो बर्टेली यांनी उत्तर दिलं आणि या सँडलांमागची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक हस्तनिर्मित पादत्राणांची असल्याचं मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातली जनहित याचिका फेटाळली. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक असताना दाद त्यांनी मागायला हवी, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. डिसेंबरमध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड कारागिरांबरोबर बनवायचे आणि सुमारे ८०० युरोंना, म्हणजे आपल्या ८० हजारांच्या वर किमतीला, जगभर विकायचे, अशी ती घोषणा होती.

दोन हजार जोड. चांगलीच गोष्ट आहे. पण हजारो घरांचा धंदा दोन हजार जोडांवर चालत नाही. तो तुमच्या-माझ्या पायांवर चालतो. आणि आपल्या पायांत काय असतं, हे कुठल्याही लग्नाच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग बघून कळतं.

कातडं ते चप्पल

सुभाषनगर हा कोल्हापुरातला चप्पल कारागिरांचा जुना भाग. तिथल्या एका घराच्या पुढच्या खोलीत मी दिवसभर बसून राहिले. घरधन्यांना सगळी गल्ली 'मामा' म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणाले. खोलीत चामड्याचा तो तुरट, ओलसर वास. जमिनीवर एक दगड, त्याच्याभोवती रापी, आरी, हातोडी. भिंतीला एक जाड तार टांगलेली आणि तिच्यात कागदांची चळत ओवलेली. मला वाटलं, बिलं असतील.

मामांनी एक कातडं पसरलं आणि त्यावर हात फिरवत राहिले. बराच वेळ नुसता हातच फिरत होता. "पाठीकडचं हाय न्हवं, ते तळाला. पोटाकडचं तळाला लावायचं न्हाई, ते ताणतंय. चार महिन्यांत गिऱ्हाईक परत येतंय शिव्या द्यायला." कुठून कापायचं हे ठरवण्यात जितका वेळ गेला, त्याच्या निम्म्या वेळात रापी फिरून तळ मोकळा झाला.

हे कातडं मामांच्या हाती येण्याआधीच त्याचा मोठा प्रवास झालेला असतो. कच्चं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवतात, केस सुटतात, आतल्या बाजूचं मांस खरवडून काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरत ठेवतात. जुनी पद्धत तर अशी, की कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी आतून बाहेर झिरपत जातं आणि कातडं हळूहळू पिकतं. काही आठवडे जातात. याला 'कातडं कमावणं' म्हणतात. मराठीत पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडं कमावतात. तिन्हींना वेळ द्यावा लागतो.

क्रोमियमचे क्षार वापरणारे मोठे कारखाने हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकतात. ते चामडं मऊ आणि स्वस्त असतं. पण साल-हिरड्यावर कमावलेल्या चामड्याचा ताठपणा त्यात नसतो, आणि वापरता वापरता पायाचा आकार घेण्याची त्याची खोडही नसते. कमावण्याचं काम परंपरेने ढोर समाजाकडे, चप्पल बांधायचं चर्मकारांकडे. आता गावोगावची कमावण्याची कुंडं बंद पडत चालली आहेत. पाण्याचा प्रश्न आहे, सांडपाण्याचे नियम आहेत, वास सहन न होणारी शेजारची नवी वस्ती आहे. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला. म्हैस त्या कायद्यात येत नाही आणि कोल्हापुरीचा तळ मुख्यतः म्हशीच्या चामड्याचा. तरी रस्त्यावर कातड्याची गाडी अडवणारा आधी कायद्याचं पुस्तक उघडत नाही. वाहतूक करणारे घाबरले, माल दुर्मीळ झाला, भाव चढला.

तळाचे थर एकमेकांवर बसवून मामा ठोकत होते. शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात काकू वेणी घालत होत्या. चामड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या, आणि त्यांतून अंगठ्यापासून पट्ट्यापर्यंत जाणारी ती घट्ट, सारखी वेणी. बघायला केसांची वेणी घातल्यासारखं सोपं. मी करून बघितली, तर बोटभर जाण्याआधीच ती सापासारखी वाकडी झाली. काकूंनी न बोलता ती उसवली आणि पुन्हा घातली. कापणं, तळ जोडणं, ठोकणं पुरुषांकडे. वेणी, गोंडा, पट्ट्यांची बारीक शिवण बायकांकडे. मी विचारलं, "वेणीचे वेगळे किती मिळतात?" काकू हसल्या. "घरातल्या कामाचं वेगळं कोण देतंय?"

जोड उभा राहतो तो चामड्याच्याच वादीने शिवून. जुन्या पद्धतीत खिळ्याला जागाच नाही. साधा जोड असला तरी दिवस जातो. वेणी, गोंडा, कान असं नाजूक काम असलं की दोन-तीन. कापशी, पुकरी, कचकडी अशी एकेका घाटाला नावं आहेत. जुन्या लोकांच्या तर तळाच्या थरांत बी घालून मुद्दाम करकर वाजवलेल्या चपला असत. माणूस दिसण्याआधी चप्पल ऐकू येई.

"पोरगा शिकला का हे काम?" मी विचारलं. प्रश्न विचारतानाच उत्तर ठाऊक होतं.

"येतंय त्याला सगळं. पर त्यो शिरोली एमआयडीसीत हाय." मामा रापी दगडावर घासत म्हणाले. "एक तारखेला पगार व्हतोय. इथं दुकानदार दिवाळी झाल्यावर बघू म्हणतोय."

पुठ्ठ्याची कोल्हापुरी

काही वर्षांपूर्वी महामार्गावरच्या एका ढाब्याशेजारच्या दुकानातून मी 'ओरिजिनल कोल्हापुरी' अशी पाटी वाचून एक जोड घेतला होता. दिसायला झकास, भाव निम्मा. पहिल्याच वळवाच्या सरीत तळ फुगला, थर सुटले आणि मधून निघाला चक्क पुठ्ठा. खरी कोल्हापुरीसुद्धा पावसात घालू नये, पण ती भिजली तर रुसते, विरघळत नाही. मी मात्र त्या दिवसापासून चारचौघांत सांगत सुटले, की कोल्हापुरी आता पूर्वीची राहिली नाही. नकली मालाने माझे पाचशे रुपये खाल्ले आणि त्याची बदनामी मी खऱ्या कारागिराच्या माथी मारली.

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तपासायला शिकवलं. चपलेची कापलेली कड बघायची. साल-हिरड्याचं चामडं कडेला आरपार तपकिरी दिसतं. क्रोमचं असेल तर मधोमध निळसर-करडी रेघ दिसते. तळाला खिळे आहेत का बघायचं. नाकाला लावायची, कारण रेक्झिन आणि डिंक लपत नाही. नवा जोड थोडा ताठ आणि तंगच असला पाहिजे, पहिल्या दिवशी सैल बसणारी चप्पल महिन्याने पायातून निसटते. पहिले आठ दिवस ती चावणार. कडांना तेल लावायचं, रोज तासभर घालायची. "माणूस नवीन भेटला की जरा वेळ लागतोच की," मामा म्हणाले.

हे ज्ञान आपल्या आज्या-आजोबांकडे होतं. तांब्याच्या हंड्यावर टिचकी मारून, लुगड्याचा पदर चिमटीत धरून, चप्पल वाकवून ते माल पारखत. पारखणारं गिऱ्हाईक आटलं की खोट्या मालाला मोकळं रान मिळतं, कारण दोन्हींतला फरक न कळणाऱ्यासाठी भाव हाच एक फरक उरतो. सोलापुरी चादरीचं हेच झालं. नाव सोलापूरचं, माग दुसऱ्याच गावाचा. पैठणी तुलनेने तगली, कारण लग्नघरात तिची पारख करणारी एक तरी आत्या किंवा मावशी अजून असते आणि जर खोटी निघाली तर मांडवात बोलते. चपलेसाठी बोलणारी आत्या आपल्याकडे उरली नाही.

दोन राज्यं, एक जोड

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मानांकन आठ जिल्ह्यांना मिळून आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. इकडचं संत रोहिदास महामंडळ आणि तिकडचं बाबू जगजीवनराम महामंडळ दोघांचंही नाव त्यावर आहे. सीमाप्रश्नावर ज्या दोन राज्यांचं अनेक दशकं जमलं नाही, त्यांचं एका चपलेवर जमलं. ते साहजिकही आहे. निपाणी, अथणीकडे पिढ्यान्‌पिढ्या जोड बनतात आणि कोल्हापूरच्या पेठेत विकले जातात. अथणीत तर महिला बचत गटांनी एकत्र येऊन 'टोहोल्ड' या नावाने आपला माल थेट परदेशी बाजारात पोहोचवला.

पण मानांकन काय करतं आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. ते नावाला कुंपण घालतं. त्या आठ जिल्ह्यांबाहेरच्या किंवा त्या पद्धतीने न बनवलेल्या चपलेला भारतात कोणी 'कोल्हापुरी' म्हणून विकलं, तर तो गुन्हा. मिलानच्या मंचावर 'कोल्हापुरी' हा शब्दच नव्हता आणि भारतातल्या नोंदणीचा हात मिलानपर्यंत पोहोचत नाही. शिवाय मानांकन मिळालं म्हणून सुभाषनगरातल्या मामांना ते आपोआप वापरता येत नाही. प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. अर्ज, कागद, खेटे. इकडच्या महामंडळाने जोडाजोडावर क्यूआर कोड लावायला घेतला आहे. फोन धरला की बनवणाऱ्याची आणि वापरलेल्या मालाची माहिती दिसावी अशी योजना. उत्तम आहे. पण तो कोड वाचायला फोन आधी खिशातून बाहेर निघाला पाहिजे, आणि महामार्गावरच्या दुकानात माझा तो कधीच निघाला नसता.

डोक्यावर आणि पायात

बाराव्या शतकातल्या शरण हरळय्यांची गोष्ट या भागात अजून सांगतात. हरळय्या चपला शिवणारे. एकदा त्यांनी बसवेश्वरांना नमस्कार केला, तर बसवेश्वरांनी उलट दोनदा केला. एका नमस्काराचं ऋण अंगावर राहिलं म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या चपला करून त्यांना दिल्या. बसवेश्वरांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर धरल्या. पुढे हरळय्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण घरातल्या मुलीशी झाला आणि त्यापायी दोन्ही घरच्या वडिलांना राजाने देहदंड दिला. चपलेची गोष्ट या मातीत जातीच्या गोष्टीपासून वेगळी काढताच येत नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण अजून सहज वापरतो, आणि ती चपलेविषयी नाही हे सगळ्यांना कळतं. मामांच्या पोराला एमआयडीसी बरी वाटते, यात एक तारखेच्या पगाराइतकाच या म्हणीचाही वाटा आहे.

बसवेश्वरांनी डोक्यावर धरलं त्याची किंमत त्यांच्या साथीदारांनी जिवाने मोजली. आपल्याला मात्र डोक्यावर घेणं स्वस्तात जमतं. समाजमाध्यमांवर एक संतप्त ओळ, 'अस्मिता' हा शब्द, आणि मग बाराशेचे साडेआठशे.

याला उत्तर म्हणून कोल्हापूरकडे एक गोष्ट आहे, आणि ती चपलेची नाही, चहाची आहे. संस्थानच्या चाकरीतले गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायला लागले. स्वतः चहा मागवायचे, सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचे. मानधन, सत्कार, शाल देणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांनी ओळखलं, की धंदा करणाऱ्या माणसाला हवं असतं ते गिऱ्हाईक. रोज येणारं, चारचौघांसमोर येणारं, पैसे मोजून जाणारं.

याच शाहूंच्या राजवटीत चामड्याच्या धंद्यालाही उत्तेजन मिळालं होतं. कोल्हापूरने जगाला चप्पल दिली असं आपण म्हणतो. चांगलं गिऱ्हाईक कसं व्हावं, याचा धडाही याच गावाने दिला आहे.

गिऱ्हाइकाची कामं

मग चांगल्या गिऱ्हाइकाने करायचं काय? मामांना हा प्रश्न जरा विचित्रच वाटला. पण दिवसभराच्या गप्पांतून उत्तरं आपोआप गोळा झाली.

पहिलं उत्तर पावसाळ्याचं. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे चार महिने चामडं वाळत नाही, बुरशी धरते, काम थंडावतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर पाणी शिरलेल्या घरांत ठेवलेला माल वाया गेला. पावसाळा संपला की दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत एकदम झुंबड. कारागीर नेमका पावसाळ्यात पैशाला मोताद असतो, आणि तेव्हाच व्यापाऱ्याची उचल घेऊन पुढच्या हंगामाचा माल पडत्या भावाने बांधून बसतो. दिवाळीचा जोड ज्याला हवाय त्याने तो श्रावणात सांगितला आणि निम्मे पैसे हाती दिले, तर तीच उचल व्याजाविना झाली. त्यात उपकार कुणाचाच नाही. सोनाराकडे आपण हेच करतो.

दुसरं भावाचं. घासाघीस करू नये असं मामा म्हणत नाहीत. त्यांनाही त्यात मजा वाटते. पण शंभर रुपये सुटतात तेव्हा ते दुकानाच्या भाड्यातून सुटत नाहीत, दलालीतूनही नाही. साखळीतल्या शेवटच्या हाताकडून सुटतात, आणि तो हात बहुतेक वेळा वेणी घालणाऱ्या बाईचा असतो. त्यात कराचीही गंमत आहे. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के, त्यावरच्यांवर १८ टक्के. म्हणजे तीन दिवस खपून कोणी उत्तम नाजूक जोड केला, तर मोठ्या दुकानात जाताच त्याच्यावर वरच्या दराचा कर बसतो. यंत्रावर धडाधड निघणारी चप्पल मात्र खालच्या दरात. थेट छोट्या कारागिराच्या घरून घेतलेल्या जोडाला हा प्रश्न फारसा येत नाही.

तिसरं दुरुस्तीचं. कोल्हापुरीचा तळ झिजला तर नवा तळ बसतो, अंगठा तुटला तर नवा शिवता येतो. वर्षातून दोनदा तेल, पावसाळ्यात कोरड्या जागी कागदात गुंडाळून ठेवायची, भिजली तर सावलीत वाळवायची. असा जोड वर्षानुवर्षं चालतो. त्या हिशेबाने बाराशे रुपये महाग नाहीत. पण ती झिजलेली चप्पल कारागिराकडे परत न्यायची सवय आपली सुटली. तळ सुटला की आपण नवी चप्पल घेतो, आणि तीही दुसरीच.

मीही मामांकडे परत नेण्यासाठी काही आणलं नव्हतं. निघायच्या आधी म्हणाले, "माझ्यासाठी एक जोड करा. घाई नाही." त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचं एक पान जमिनीवर पसरलं, मला त्यावर पाय ठेवायला सांगितलं आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ फिरवली. आधी उजवा, मग डावा. "डावा जरा मोठा हाय तुमचा. दुकानात कधी नीट बसत नसंल." पन्नाशी उलटली तरी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पूर्ण पैसे पुढे केले, मामांनी निम्मे घेतले.

कागदावर नाव लिहून ते भिंतीच्या तारेकडे गेले. तेव्हा मला दिसलं, की ती बिलं नव्हती. पायांची मापं होती. पिवळी पडलेली पानं, त्यांवर पायांच्या रेघा, कुणाचं नाव, कुणाचं गाव, एखादं 'नवरदेव' एवढंच लिहिलेलं. काही तारखा वीस वर्षांपूर्वीच्या. मी विचारलं, "हे सगळे येतात अजून?"

"थोडी येत्यात. थोडी न्हाईत." चळतीवरची धूळ त्यांनी फुंकली. "काढून टाकायचं कसं? आलं एखादं, तर माप पायजे की."

मग माझा कागद हातात धरून थांबले. "एकदाच पायजे जोड, का ठेवू माप?"

"ठेवा," मी म्हणाले. त्यांनी तो तारेत ओवला.